उंदरावरचा आळ

मंडळी, बसा. थोडं पुढं सरका. खांबाला टेकलेल्या काकांनी टेकूनच बसावं, फक्त डोळे मिटू नयेत — आजचं आख्यान डोळे उघडे ठेवण्याबद्दलच आहे.

आज निरूपणाला पद घेतलेलं नाही. प्रश्न घेतलाय. ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्याच्यापुढं मान तुकवणं — ही नम्रता की आळस?

सोपा वाटला? थांबा. डॉक्टर काही म्हणाले, आपण मान हलवली. वकील काही म्हणाले, मान हलवली. गॅरेजवाला म्हणाला, "पार्ट गेलाय" — कसा गेला, कशानं गेला, काही नाही — मान हलवली. घरी येऊन काय म्हणतो आपण? "त्यांना कळतं." बरोबर आहे, त्यांना कळतं. पण ज्याला कळतं तो खरंच बोलतो, हा नियम कुणी केला? कळणं ही एक गोष्ट, खरं बोलणं ही दुसरी. दोन्ही एका माणसात भेटली तर त्याला नमस्कार करावा. पण भेटली आहेत की नाही, हे आधी बघायला नको?

आणि तो जाणकार माणूस जेव्हा म्हणतो, "हे तुमच्यामुळंच झालं" — तेव्हा तर आपण फारच लवकर मान हलवतो. का? कारण आपण सज्जन! सज्जनाला स्वतःचा दोष शोधावा लागत नाही. तो खिशात घेऊनच फिरत असतो. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, काढून हातावर ठेवतो.

अशाच एका घराची गोष्ट. ऐका.

बार्शीत नवगिऱ्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीत दोन माणसं. प्रभाकरराव नवगिरे आणि त्यांची बायको गिरिजाबाई. प्रभाकरराव गिऱ्हाइकांशी बोलतात आणि गिरिजाबाई गिरणीशी. चेष्टा नाही. तीस वर्षं त्या त्या यंत्रापाशी उभ्या आहेत. दगडांचा आवाज केसभर बदलला की त्यांना पाठमोरं असतानाही कळतं — गव्हात खडा आला, किंवा पट्टा ढिला झाला. शिक्षण सातवी. पण नजर अशी, की ज्वारीच्या पोत्यात हात घातला की सांगतील, हिला किती दिवस झाले आणि कोणत्या कोपऱ्यात ठेवली होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे प्रभाकररावांच्या आई, गोदाक्का. वय एक्क्याऐंशी. सगळं शाबूत, फक्त डोळे सोडून. डोळ्याच्या पडद्याचा आजार. त्यासाठी दर महिन्याला सोलापूरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं — एकही चुकवू नका. जेवढी नजर जाईल, तेवढी परत येणार नाही.

आणि सोलापूरला न्यायला एक गाडी. पांढरी. वय पाच वर्षं आठ महिने, चाललेली एक्क्याऐंशी हजार किलोमीटर. म्हणजे गोदाक्कांचं वय वर्षांत आणि गाडीची धाव हजारांत, आकडा एकच. गाडी घेतानाच त्यांनी जादा पैसे भरून सात वर्षांची वॉरंटी घेतली होती. वॉरंटी म्हणजे काय? कंपनीनं दिलेला शब्द. आमच्या चुकीनं बिघडलं तर आम्ही दुरुस्त करू. हा शब्द फुकट मिळालेला नव्हता, मंडळी. विकत घेतलेला होता. हे ध्यानात ठेवा.

तर डिसेंबर महिना. प्रभाकरराव एकटेच सोलापूरला निघालेले, गिरणीच्या मोटरीचं काही आणायला. वाटेतलं वैराग सोडलं आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. समोरच्या पट्टीवर चार दिवे लागले. गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. शोरूमची क्रेन आली, गाडी सोलापूरला घेऊन गेली. शोरूमचं नाव मी घेणार नाही. देवळात बसलोय, तोंड कशाला विटाळा!

दोन दिवसांनी शनिवारी सकाळी फोन आला. केदार म्हेत्रे नावाचा तिथला सर्व्हिसचा मुलगा. पंचविशीतला, गोड बोलणारा. प्रभाकरराव गिरणीच्या आवाजामुळं घरात आले आणि फोन स्पीकरवर टाकून बोलायला लागले. गोदाक्का शेजारी वाती वळत बसलेल्या. गिरिजाबाई दारात.

"काका, वायरिंग तुटलंय," केदार म्हणाला. "तुम्ही गाडीतून धान्य वगैरे नेता का?"

"छे छे. धान्य टेम्पोतून. गाडीत एक दाणा नसतो."

इथं थांबले असते तर? कथा संपली असती. पण नाही. प्रभाकरराव सज्जन! त्यांना वाटलं, विचारणारा एवढा आपुलकीनं विचारतोय, तर आपण सगळं सांगावं.

"आता दसऱ्याला आमच्या अक्कानं गाडीची पूजा केली होती बघा. अक्षता टाकल्या होत्या. त्यातल्या काही काचेखालच्या जाळीतून आत गेल्या असतील, तर सांगता येत नाही."

केदार म्हणाला, "हां. मग बरोबर आहे काका. तांदळासाठी उंदीर आलाय. त्यानंच वायरिंग कुरतडलंय. आणि उंदरानं केलेलं नुकसान वॉरंटीत येत नाही."

ऐकलंत? मंडळी, नीट बघा इथं काय झालं! तोवर उंदीर कुठं होता? कुठंच नव्हता. "वायरिंग तुटलंय" एवढंच माहीत होतं. उंदीर कुणी पाठवला? आमच्या प्रभाकररावांनी. बार्शीहून सोलापूरला, फोनवरून!

"अंदाजपत्रक पाठवतो," केदार म्हणाला. "अख्खं वायरिंग बदलायला लागेल, कंट्रोल युनिटही, आणि उंदीर प्रतिबंधक फवारणी. त्र्याऐंशी हजार होतील. खाली सही करून पाठवा, म्हणजे काम सुरू करतो."

प्रभाकररावांनी फोन ठेवला. गोदाक्कांचा हात वातीवर थांबलेला.

"म्हणजे माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"तसं नाही गं अक्का."

"तसंच म्हणाला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्कांनी देवपूजा केली. गंध लावलं, फूल वाहिलं. अक्षतांची वाटी तशीच भरलेली उचलली आणि फडताळात ठेवून दिली. गिरिजाबाईंनी विचारलं, "अक्का, अक्षता?"

"नको. हात बरा नाही माझा."

आणि मग, अगदी साध्या आवाजात, "गुरुवारी सोलापूरला मी यायची नाही. एवढा खर्च करून ठेवला, आता डोळ्यावर आणखी कशाला? जेवढं दिसलं तेवढं पुष्कळ दिसलं."

मंडळी, मला इथं राग येतो. ही गोष्ट मी सातव्यांदा सांगतेय आणि सातव्यांदा येतोय. एका एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं साठ-पासष्ट वर्षं ज्या हातानं देवाला अक्षता वाहिल्या, तो हात वाईट ठरवायला किती वेळ लागला? एक फोन. तीन मिनिटं. आणि ठरवलं कुणी? ज्यानं तिला कधी पाहिलं नाही, त्यानं. तिनं अपील कुठं करायचं? तिनं तर शिक्षाही स्वतःच ठरवून टाकली — डोळे द्यायची!

गिरिजाबाई गिरणीत गेल्या. प्रभाकरराव मागून आले, हातात मोबाईल. अंदाजपत्रक आलं होतं, सोबत दोन फोटो.

"सही करून टाकतो," ते म्हणाले. "गुरुवारच्या आत गाडी आली तर अक्काला समजावता येईल."

"काय लिहिलंय सहीच्या वर?"

प्रभाकररावांनी वाचलं. "बिघाडाचं कारण मला समजलं असून ते मला मान्य आहे."

"समजलं का तुम्हाला?"

"उंदीर."

"ते त्यांनी सांगितलं. तुम्हाला समजलं का?"

"अगं, ते इंजिनीअर लोक आहेत. आपण गिरणीवाले."

"तेच म्हणते. उंदराचं म्हटलं तर आपल्याला जास्त कळायला पाहिजे की त्यांना?"

हा प्रश्न लिहून ठेवा, मंडळी! गाडीतलं त्यांना कळत असेल. पण उंदीर? गिरणीवाल्याला उंदीर कुणी शिकवायचा? तीस वर्षांचा शेजार!

गिरिजाबाईंनी मोबाईल घेतला, पीठ लागलेलं बोट पदराला पुसलं आणि फोटो मोठा केला. काचेखालच्या जाळीच्या आतली खाच. तिथं धूळ आणि धुळीवर तांदळाचे दाणे. कुंकवाचा रंग अजून लागलेला. त्यांनी मोजले. अकरा. अकराही अख्खे.

"अहो," त्या म्हणाल्या, "तांदळासाठी आलेला उंदीर तांदूळ ठेवून गेला?"

प्रभाकररावांनी फोटो बघितला. डोकं खाजवलं. "उंदीर वायरी पण कुरतडतात गं. मागं आपल्या मोटरीची नाही का कुरतडली."

आता इथं घाई करू नका. तुम्हाला वाटलं असेल, झालं, गिरिजाबाई जिंकल्या. नाही! प्रभाकरराव बरोबर बोलले. उंदीर पोटासाठीच कुरतडतो असं नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात, झिजवायला काहीतरी लागतं — लाकूड, साबण, वायर, काहीही. म्हणजे अख्ख्या दाण्यांनी काय ठरलं? एवढंच, की उंदीर तांदळासाठी आला नव्हता. म्हणजे गोदाक्कांचा दोष नाही. पण उंदीर आलाच नव्हता, हे अजून ठरलेलं नाही. वॉरंटीचा प्रश्न अजून उभाच. जे दिसलं ते दिसलं, जे मानलं ते मानलं — दोन्ही एका पोत्यात भरायचं नाही.

गिरिजाबाईंना हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या म्हणाल्या काय? "मला ती वायर बघायची आहे. फोटो नको. वायर."

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी हे आख्यान निवडलं. गिरणीच्या कोपऱ्यात जुन्या सामानाचा डबा होता. त्यातून त्यांनी मागच्या वर्षीची मोटरीची वायर काढली — खरोखर उंदरानं कुरतडलेली, खात्रीची. वीतभर तुकडा कापला, पिशवीत टाकला आणि सोमवारी सकाळी सोलापूरच्या एसटीत बसल्या. एकट्या. प्रभाकरराव म्हणाले, "मी येऊ का?" त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही परत काहीतरी कबूल कराल."

शोरूम कसं? काच, काच आणि काच. बाहेरून सगळं दिसतं आणि आतलं काहीच दिसत नाही. सोफा, कॉफीचं यंत्र, भिंतीवर हसणारं कुटुंब. केदार म्हेत्रे आला. मुलगा वाईट नव्हता, मंडळी. रोज वीस गाड्या, वर साहेबाचा धाक.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? काकांनी सही पाठवली असती तर झालं असतं."

"वायर बघायची आहे."

"फोटो पाठवलाय की."

"फोटोत तांदूळ आहे. वायर कुठं आहे?"

केदारनं मोबाईल काढून बघितलं. दोन्ही फोटो तांदळाचेच होते.

बघा हं! त्र्याऐंशी हजारांचा निकाल, आणि पुराव्यात मोडलेली वस्तूच नाही! हातमागावरची चादर घेताना आपण ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघतो. मेथीची जुडी घेताना मुळं बघतो. आणि इथं?

"वर्कशॉपमध्ये ग्राहकांना जाता येत नाही मावशी. बोर्ड आहे."

"मग वायर बाहेर आणा. तिला तर येता येतं."

"ती गाडीत बसवलेली आहे."

"मग गाडी बाहेर आणा. नाहीतर मी बसते इथं. सोफा चांगला आहे."

आणि बसल्या! पिशवी मांडीवर घेऊन. पाऊण तास. गिऱ्हाइकं येतायत, जातायत, बघतायत. शेवटी मॅनेजर आले. इनामदार. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर समजुतीचा भाव.

"मॅडम, तुमच्या श्रद्धेचा आम्हाला पूर्ण आदर आहे," ते म्हणाले. "पूजा सगळेच करतात. पण गाडीत अन्नधान्य गेलं की असं होतं. तरी एक ज्येष्ठ ग्राहक म्हणून, खास तुमच्यासाठी, तीस टक्के सूट देतो."

मंडळी, हिशेब नको, नुसता विचार करा. कारण खरं असेल तर सूट कशाची? आणि खोटं असेल तर फक्त तीस टक्के का? खऱ्याला सूट लागत नाही आणि खोट्याला तीस टक्के पुरत नाही. पण आपण काय करतो? तीस टक्के म्हटलं की कारण विसरतो! घरी जाऊन सांगतो, "भांडून कमी करून आणलं." अहो, खोटं स्वस्तात विकत आणलं, एवढंच!

गिरिजाबाई म्हणाल्या, "सूट राहू द्या. उंदीर दाखवा."

"म्हणजे?"

"उंदीर नाही तर त्याची लेंडी दाखवा. वास दाखवा. दाताची खूण दाखवा. काहीतरी दाखवा साहेब. मी बार्शीहून आलेय."

दोन गिऱ्हाइकं सोफ्यावरून वळून बघायला लागली, तेव्हा इनामदार म्हणाले, "चला. पाच मिनिटं फक्त."

आत गाडी उभी. बॉनेट उघडं. शेजारी साठीला आलेला एक मेकॅनिक, शब्बीरभाई, हात पुसत उभा. गिरिजाबाईंनी आधी कशालाही हात लावला नाही. नुसतं बघितलं. जाळीखालची खाच — धूळ, अकरा दाणे. धुळीवर पावलांची एकही खूण नाही. उंदीर काय उडत आला? पाय उचलून चालला? लेंडी? एक नाही. वास? त्यांनी वाकून घेतला. तेलाचा, रबराचा. उंदराच्या मुताचा वास तीस वर्षांत ज्यानं घेतलाय, त्याला तो अर्ध्या खोलीतून येतो.

मग वायर. केदारनं टॉर्च धरला. तांदळापासून तुटलेल्या जागेपर्यंत त्यांनी हातानं मोजलं. अडीच वीत, आणि मधे एक पत्र्याची भिंत. पिशवीतून गिरणीतला तुकडा काढला आणि शेजारी धरला.

"हे बघा," त्या केदारला म्हणाल्या, इनामदारांना नाही. "हा उंदरानं खाल्लेला. खुणा बघा. दोन-दोन, जोडीनं. वरून पण, खालून पण. कडा फाटलेल्या. आणि ही तुमची. एकाच बाजूनं झिजलीय. सपाट. आतलं तांबं चकचकतंय. दुसऱ्या बाजूला ओरखडा नाही."

इनामदार हसले. "मॅडम, गिरणीतले उंदीर वेगळे असतात."

"तालुका बदलला की दात बदलतात का साहेब?"

शब्बीरभाईंनी तोंड फिरवलं. हसू आलेलं असणार.

गिरिजाबाईंचं लक्ष तिकडं नव्हतं. गिरणीत पट्टा झिजला तर त्या पट्ट्याकडं बघत नाहीत. पट्टा ज्याला घासतो, त्याच्याकडं बघतात. त्यांनी झिजलेल्या जागेच्या बरोबर समोर बोट नेलं. तिथं लोखंडी पट्टीची एक कड होती. सगळी पट्टी काळी, आणि तेवढीच दीड बोट जागा घासून पांढरी झालेली. वायर तिच्यावर टेकलेली. इंजिन चालू झालं की थरथरणार. थरथरलं की घासणार. रोज थोडं, रोज थोडं. आणि वायरच्या बाजूलाच, त्या पट्टीत, एक गोल भोक. रिकामं.

"इथं काय असतं?" त्यांनी विचारलं.

केदारनं इनामदारांकडं बघितलं. इनामदारांनी घड्याळाकडं बघितलं.

"तुम्ही सांगा," गिरिजाबाई शब्बीरभाईंना म्हणाल्या. "तुम्ही जाणते दिसता."

मंडळी, या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? घरी चार माणसं. निवृत्तीला दोन वर्षं. समोर साहेब. आणि प्रश्न विचारणारी बाई एसटीनं आलेली, पुन्हा कधी भेटणारही नाही. गप्प बसणं किती सोपं! शब्बीरभाईंनी फडकं खांद्यावर टाकलं.

"क्लिप असते ताई," ते म्हणाले. "वायर पट्टीपासून लांब धरायला. प्लॅस्टिकची. काम करताना काढायला लागते. परत बसवायची असते."

"कोणतं काम करताना?"

"इंजिनावरचं हे झाकण उघडलं तर."

"ते कधी उघडलं होतं?"

शब्बीरभाईंनी खांद्यावरचं फडकं पुन्हा हातात घेतलं. पण केदार — या पोराचं कौतुक करायला हवं — हातातल्या टॅबलेटवर बघत होता. त्याच्याच तोंडून निघून गेलं. "गणपतीच्या आधी. तेलगळतीसाठी. आपल्याकडंच."

आपल्याकडंच!

वर्षानुवर्षं गाडीचं काम यांच्याकडं. झाकण यांनी उघडलं. क्लिप यांनी काढली. परत बसवायला हे विसरले. चूक होते, मंडळी. माणूस विसरतो. विसरण्यावर मी रागावणार नाही. पण विसरल्यानंतर? उंदराच्या नावावर! तो मुका जीव. आणि उंदीर पुरेना, तर एका म्हातारीच्या नावावर! तिच्या देवाच्या ताटातल्या तांदळांवर! त्यांनी तपास केला का? नाही. तपास करायची गरजच काय? गिऱ्हाईक स्वतःच दोष घेऊन दारात आलं होतं. त्यांनी फक्त शिक्का मारला. कुणी ठरवून खोटं बोललं असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण बघायचं टाळून जे बोललं जातं, त्याला दुसरं नाव काय द्यायचं, हे तुम्हीच सांगा.

इनामदारांचा आवाज बदलला. "ठीक आहे मॅडम. एक सदिच्छा म्हणून आम्ही हे काम पूर्ण मोफत करून देऊ."

तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या ना? मीही वाजवल्या असत्या. त्र्याऐंशी हजार वाचले! पेढे आणा!

गिरिजाबाई म्हणाल्या, "सदिच्छा नको."

"मोफत म्हणतोय मी."

"मोफत कसं? आम्ही वॉरंटी विकत घेतलीय. माझ्या धान्याचं पीठ करून मलाच भीक म्हणून देऊ नका. कारण लिहा. उंदीर खोडा, आणि क्लिप बसवली नव्हती असं लिहा. खाली तुमची सही."

"असं आम्ही लिहून देत नाही मॅडम. कंपनीचं धोरण नाही."

"उंदीर लिहून दिला तेव्हा धोरण होतं?"

खरंच सांगते, या प्रश्नाला उत्तर नाही. मी पुष्कळ शोधलं. दोष गिऱ्हाइकाचा असेल तर कागद छापील येतो, नंबरासकट. दोष त्यांचा असेल तर तोंडी, आणि वर उपकार!

अर्ध्या तासानं कागद आला. "वायरिंग घर्षणामुळे खराब, आधीच्या दुरुस्तीत क्लिप बसवली नव्हती, वॉरंटीत समाविष्ट." इनामदारांची सही. कंट्रोल युनिट? तपासलं तर धडधाकट निघालं. अख्खं वायरिंग? तेवढा एक भाग बदलला की पुरे. म्हणजे अंदाजपत्रकातला उंदीर गेला आणि जाताना निम्मी यादी खाऊन गेला!

गिरिजाबाईंनी कागद दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला. पण उठल्या नाहीत.

"आता आणखी काय?" इनामदार म्हणाले.

"घरी फोन लावा. माझ्या सासूबाईंशी बोला."

"मॅडम, प्लीज."

"शनिवारी फोन करून कळवलं ना, पूजेमुळं झालं म्हणून? तेव्हापासून ती बाई देवाला अक्षता वाहत नाही. गुरुवारी डोळ्याचं इंजेक्शन आहे, ते नको म्हणते. कागद मला मिळाला. तिला वाचता येत नाही. तुमच्या आवाजात तिनं ऐकलं होतं, तुमच्याच आवाजात ऐकू दे."

इनामदार उठून गेले. खरोखर उठून गेले, मंडळी. मीटिंग आठवली त्यांना. फोन लावला केदारनं. स्पीकरवर. प्रभाकररावांनी उचलला आणि अक्कांच्या हातात दिला.

"आजी, मी सोलापूरहून बोलतोय. गाडीचं. ते शनिवारी मी म्हणालो होतो, उंदराचं. तसं नव्हतं आजी."

पलीकडून गोदाक्कांचा आवाज आला, तपासून घेणारा. "उंदीर नव्हता?"

"नव्हता."

"मग माझ्या तांदळांनी काय केलं?"

"काही नाही. ते नुसते पडले होते."

"मग त्या तारेपाशी कोण गेलं होतं?"

केदारनं शब्बीरभाईंकडं बघितलं. शब्बीरभाई जमिनीकडं बघत होते. वर्कशॉपमध्ये कुठंतरी नट आवळायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.

"आम्ही," केदार म्हणाला.

गिरिजाबाई फोनकडं सरकल्या.

"बरं," गोदाक्का म्हणाल्या. "बुधवारपर्यंत होईल का तुमचं? गुरुवारी मला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय."

मंडळी, गाडी बुधवारी आली. गुरुवारी इंजेक्शन झालं. पण मला सांगा — शनिवार ते सोमवार. तीन दिवस. एक म्हातारी बाई स्वतःला अपशकुनी समजून बसली, ते तीन दिवस कुठल्या वॉरंटीत येतात? त्याचं अंदाजपत्रक कोण देणार?

आणि नुसत्या शोरूमवर रागावून घरी जाऊ नका. तो राग स्वस्त आहे. मी तुमच्यावरही रागावलेय, आणि माझ्यावरही. सही मागणाऱ्यानं मागितली. पण पेन काढून बसला होता कोण? प्रभाकरराव. भला माणूस! त्याच्या भलेपणानं त्याच्या आईचे डोळे जात होते. भलेपणाच्या आड आपण न बघण्याची सोय करून ठेवतो, आणि त्याला नम्रता म्हणतो. ती नम्रता नाही. नम्र गिरिजाबाई होत्या! त्या वस्तूपुढं वाकल्या. वाकून बघितलं, वास घेतला, हातानं मोजलं. जे दिसलं नाही, ते म्हणाल्या नाहीत. वाकायचं तर असं वाका. माणसाच्या हुद्द्यापुढं वाकून काय दिसणार? त्याचे बूट.

उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी पोराच्या शाळेत एका छापील ओळीखाली सही करणार आहे. "मला समजलं असून मान्य आहे." समजलं नसेल तर लाजू नका. न समजता "समजलं" लिहिणं, हे देवाच्या दारातसुद्धा खोटंच.

आणि आता मला सांगा. तासभर मी बोलतेय. उंदराचे दात असे असतात म्हणाले, धूळ अशी होती म्हणाले, इंजिन असं थरथरतं म्हणाले. तुम्ही माना डोलावल्या. प्रत्येक वाक्याला! एकानंही हात वर करून विचारलं नाही — ताई, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तिथं होता का?

निरांजन अजून पेटवू नका, गुरुजी. आरती होईल, प्रसाद होईल, कुणी उपाशी जाणार नाही. पण आधी या सभेतून मला एक प्रश्न हवाय. खरा. मी काय बोलले, ते तपासणारा.

मी बसलेय. विचारा.